शेवटचा शब्द पुरे

४ मार्च, सकाळी
ठरलं. आजपासून मी सोल्यूशन्स आर्किटेक्ट, कॉम्प्युटर सिस्टीमचे आराखडे आखणारा. पगारपत्रकावर अजून ‘सीनियर सपोर्ट’ आहे, म्हणजे हॉस्पिटलातला कॉम्प्युटर अडला की फोन उचलणारा. पण ती ऑफिसची दिरंगाई. मनाने मी कधीच पुढे गेलोय.
संकल्प असे. फोन उचलायचा नाही, आर्किटेक्ट मीटिंगमध्ये असतो. कुणी काही विचारलं तर पटकन उत्तर द्यायचं नाही, ‘ते अवलंबून आहे’ म्हणायचं. सगळे मोठे आर्किटेक्ट असंच म्हणतात. आणि रोज एक आकृती काढायची.
चार रंगांचे मार्कर आणले. पांढरा बोर्ड बेडरूममध्ये लावला. बायकोने विचारलं, इथला आरसा कुठे गेला. म्हटलं, कपाटामागे. ती शाळेत भूमिती शिकवते, दिवसभर बोर्ड बघून कंटाळत असेल.

५ मार्च
बायकोने विचारलं, संध्याकाळी जेवायला घरी आहेस का. म्हटलं, ते अवलंबून आहे. कशावर, म्हणाली. संध्याकाळी आलो तर माझं ताट नव्हतं. बिस्किटं खाल्ली. थोरांना घरात किंमत नसते.

९ मार्च, दुपारी
मोठी बातमी. आमच्या विभागाच्या प्रमुख मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. हॉस्पिटलची जुनी सिस्टीम बदलायची आहे. जुना सर्व्हर तळघरात आहे, सगळे त्याला ‘आजोबा’ म्हणतात. हॉस्पिटलात आजवर येऊन गेलेल्या प्रत्येक पेशंटची माहिती आजोबांच्या पोटात: रक्तगट, ऑपरेशनं, कुठलं औषध सोसत नाही. नवी सिस्टीम वर बसणार आणि लागेल तेव्हा आजोबांना विचारून घेणार. एवढंच.
पहिले आर्किटेक्ट गेल्या महिन्यात सोडून गेले. जाताना म्हणे मॅडमना सांगून गेले की ठरलेल्या तारखेत हे होणार नाही. पळपुटा माणूस. मी म्हटलं, होईल. मॅडमनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, मेअखेर सगळं सुरळीत चाललं तर एक जूनपासून ते पद तुमचं.
घरी बाबांना सांगितलं. बाबांनी उभा जन्म बुटांच्या दुकानात काढला. माणूस दिसला की आधी पायांकडे बघतात. माझ्या पायांकडे बघून म्हणाले, मग आता बूट चांगले घे.

१३ मार्च
शेजारच्यांकडे पाहुणे आले होते, बाबांनी त्यांना इंजेक्शनची गोष्ट सांगितली. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय. तरुणपणी दुकानाच्या गोदामात पायात खिळा गेला. कंपाउंडरने पेनिसिलिन टोचलं. बाबांचं तोंड असं सुजलं की डोळे दिसेनात, श्वास अडकला. तशात धडपडत दुकानात आले तर मालकाने ओळखलंच नाही. गिऱ्हाईक समजून विचारलं, या, साइझ काय? इथे बाबा थांबतात, म्हणजे लोकांनी हसावं. लोक हसतात. मग बाबा गंभीर होऊन सांगतात की दुसऱ्यांदा टोचलं तर वाचणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते.
डॉक्टर, नर्स, केमिस्ट, रिक्षावाला, कुणालाही सांगतात. मला फार अवघडल्यासारखं होतं.

२२ मार्च
आकृती पूर्ण. काय दिसते. वर नवी सिस्टीम, निळी. खाली आजोबा, हिरवे. मध्ये दोघांना जोडणारी रेघ, लाल. ही रेघ प्रत्यक्षात बांधायला सगळ्यात किचकट. आजोबांची भाषा जुनी, समजणारी माणसं रिटायर झालेली. म्हणून ती ठिपक्यांची काढली. ठिपके म्हणजे ‘नंतर करू’. दुसरा टप्पा.
कोपऱ्यात खुणांची चौकट केली होती, कुठली रेघ म्हणजे काय ते सांगणारी. तिने आकृतीचा तोल जात होता. काढून टाकली. चांगल्या आकृतीला समजावून सांगावं लागत नाही.

२५ मार्च
मॅडमना आकृती आवडली. मोठ्या कागदावर छापून, प्लास्टिकमध्ये बसवून आणली. एक ऑफिसला, एक तळघरातल्या सर्व्हर रूमला, एक घरी. बाबांनी हॉलमधलं कॅलेंडर उतरवून तिथे लावली. येणाऱ्या-जाणाऱ्याला छडी घेऊन दाखवतात. हे वरचं माझ्या मुलाचं, हे खालचं जुनं, आणि ह्या इथून सगळं वर येतं. छडी ठिपक्यांवरून वर नेतात.
बायको बराच वेळ आकृतीसमोर उभी होती. म्हणाली, आमच्यात ठिपक्यांची रेघ म्हणजे नसलेली रेघ. म्हटलं, भूमिती वेगळी, आर्किटेक्चर वेगळं. म्हणाली, म्हणजे ही आहे का? म्हटलं, ते अवलंबून आहे. ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरा जोरातच ठेवली.

११ एप्रिल
सर्व्हर रूम सांभाळणारा माणूस, ज्याला आम्ही कुलूपवाला म्हणतो, भेटला. त्याचं एकच वेड: काय बंद करता येईल. वापरात नसलेला दिवा, पंखा, मशीन, दिसलं की बंद. आकृती बघून खूश होता. म्हणाला, ठिपके म्हणजे थोडंथोडं कॉपी होतंय ना वर? मी मीटिंगला निघालो होतो. म्हटलं, साधारण तसंच. आता जिन्यात उभं राहून माणूस किती समजावणार.

१९ एप्रिल, दुपारी
नवे बूट घेतले. बाबा स्वतः बरोबर आले. दुकानदाराला सगळं सांगितलं, माझं पद, आकृती, आजोबा. इंजेक्शनची गोष्टही. टाचेला बूट लागतो, पण बाबा म्हणाले सैल होईल.
डॉक्टरांनी बाबांच्या हर्नियाचं ऑपरेशन २७ मेला ठरवलं. आमच्याच हॉस्पिटलात. म्हणजे नव्या सिस्टीमवर. बाबांची माहिती आजोबांकडे आहेच, पूर्वी मोतीबिंदू काढला होता तेव्हाची. पेनिसिलिनसकट.

३ मे
उद्या डेमो. हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर, ट्रस्टी, सगळे येणार. आणि आजच घोटाळा. पेशंटच्या पानावर ‘ॲलर्जी’ हा रकाना आजोबांकडून माहिती मागतो. रेघ नाही, म्हणून उत्तर नाही, म्हणून तिथे लाल अक्षरात येतं: ‘माहिती मिळाली नाही’. प्रत्येक पेशंटला. अख्खं पान रक्तबंबाळ दिसतं. शिवाय रकाना लहान, वाक्य बाहेर सांडतं.
प्रोग्रॅमरबाईंना बोलावलं. त्या कायम हेडफोन लावून असतात, काढेपर्यंत दोनदा सांगावं लागतं. म्हटलं, लाल रंग काढा आणि वाक्य छोटं करा. म्हणाल्या, किती छोटं? रकान्यात एकच शब्द मावत होता. म्हटलं, शेवटचा शब्द पुरे.
त्यांनी केलं. ‘ॲलर्जी: नाही’. स्वच्छ, काळ्या अक्षरात.
बाई म्हणाल्या, सर, ह्याचा अर्थ बदलतोय. म्हटलं, डेमोपुरतं आहे. त्या म्हणाल्या, तुम्ही सांगितलंत असं लिहून ठेवू का? म्हटलं, खुशाल. त्यांनी हेडफोन परत लावले.

४ मे
डेमो झकास. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, ॲलर्जीची माहिती येते का? मी पान उघडलं. ‘नाही’. पुढचा पेशंट. ‘नाही’. तिसरा. डॉक्टर म्हणाले, वा, तब्येतीने ठणठणीत आहेत आपले पेशंट. सगळे हसले. मीही हसलो.
मॅडम म्हणाल्या, दहा तारखेपासून सगळ्या वॉर्डांत सुरू करा.
डेमोपुरतं केलेलं बदलायचं आहे. लक्षात ठेवणे.

८ मे
बदलायला प्रोग्रॅमरबाई नाहीत. त्यांनी दुसऱ्या प्रोजेक्टला बदली मागून घेतली. दुसऱ्या टप्प्यात बघू. तसंही वॉर्डांत आजोबांचे जुने कॉम्प्युटर आहेतच, नर्स जुन्या सवयीने तिथेच बघतात. काही बिघडत नाही.

१४ मे
तळघरात गेलो होतो, काम वेगळंच होतं. तिथे कसलाच आवाज नाही. आजोबांची ती घरघर असते ना, जिन्यापर्यंत ऐकू येते, ती नाही. पायातल्या नव्या बुटांची करकर ऐकू यायला लागली.
कुलूपवाला आला. एकदम प्रसन्न. म्हणाला, केलं बंद. नवी सिस्टीम चालू झाली, सगळं वर कॉपी झालेलंच आहे, विजेचा खर्च कशाला. वॉर्डांतले जुने कॉम्प्युटरही उचलले. आणि भिंतीवरच्या माझ्या आकृतीवर, लाल ठिपक्यांवर बोट ठेवलं.
मी काहीतरी बोलणार होतो.
पण विचार केला. आत्ता सांगितलं तर सगळं थांबणार. तारीख हुकणार. मॅडमना वाटणार, पहिला आर्किटेक्ट म्हणत होता ते खरं. आणि आजोबांच्या आतली माहिती कुठे पळून जाणार आहे? बंद आहेत, मेले नाहीत. एक जूनला पद हातात आलं की पहिल्याच दिवशी रेघ बांधायला घेतो. पदावरचा माणूस बोलला की लोक ऐकतात.
कुलूपवाल्याला म्हटलं, छान. बाहेर आल्यावर बराच वेळ जिन्यात बसलो. टाच सोलली आहे.

१७ मे
हॉस्पिटलच्या हेड सिस्टरचे फोन. उचलले नाहीत, संकल्प आहे. मग त्यांनी मेसेज टाकला. म्हणतात, सगळ्या पेशंटना ॲलर्जी ‘नाही’ दाखवतंय. त्यांनी स्वतःचं पान उघडलं, त्यांना आयोडीन सोसत नाही, तिथेही ‘नाही’. कृपया बोला.
वापरणाऱ्यांना बदल आवडत नाही, हे प्रत्येक पुस्तकात लिहिलंय. उत्तर पाठवलं: नोंद घेतली आहे.

१८ मे
हेड सिस्टरनी त्यांच्या वॉर्डात फळ्यावर खडूने लिहून ठेवलंय म्हणे, कॉम्प्युटरवर विश्वास ठेवू नका, पेशंटला विचारा. मॅडमनी मला विचारलं, हे काय. म्हटलं, जुन्या वळणाच्या आहेत. मॅडमनी त्यांना तो फळा पुसायला सांगितलं.

२१ मे
बाबांच्या तपासण्या झाल्या. तिथेही नर्सबाईला गोष्ट सुरू केली. मागे रांग. लोक चुळबुळ करत होते आणि त्यातले दोघे आमच्या ऑफिसचे. मी बाबांचा हात धरला आणि म्हटलं, बाबा, आता हे सगळ्यांना सांगत बसायची गरज नाही. सिस्टीमला माहीत आहे.
बाबांनी गोष्ट अर्ध्यावर सोडली. मग माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. म्हणाले, तू केलंस ना ते? मग झालं.
हे मी का बोललो कळत नाही. म्हणजे बोललो ते तत्त्वतः बरोबरच आहे. दुसऱ्या टप्प्यात तसंच होणार आहे.

२४ मे
बाबांना सांगायला हवं की तुम्ही सांगत राहा. संध्याकाळी सांगणार होतो. ते आकृतीसमोर माझ्या मामाला घेऊन उभे होते. मामा म्हणत होता, ऑपरेशनला जाताना ती पेनिसिलिनची गोष्ट विसरू नका हो दाजी. बाबा म्हणाले, आता कशाला, सगळं इथे आहे, आणि छडी आजोबांवर टेकवली आणि ठिपक्याठिपक्यांवरून सावकाश वर नेली.
मामासमोर काय सांगणार. उद्या.

२५ मे
बाबा लवकर झोपले. उद्या.

२६ मे
बायकोने सरळच विचारलं. बाबांचं ते पेनिसिलिनचं त्या कॉम्प्युटरला कळतं ना? अवलंबून वगैरे नको, हो की नाही सांग. म्हटलं, मी स्वतः बघतो. म्हणाली, म्हणजे नाही. म्हटलं, म्हणजे मी स्वतः बघतो. उद्या ती परीक्षेच्या कामाला अडकली आहे, पोचायला दुपार होईल. झोपायला जाताना मला दोनदा म्हणाली, तू तिथे थांब. मी थांबणारच आहे. बाप आहे माझा.

२७ मे, सकाळी
बाबांना हॉस्पिटलात दाखल केलं. ऑपरेशन दुपारी तीनला. वॉर्डात सगळं नवं, माझीच सिस्टीम सगळीकडे. बाबांनी पलंगावर बसून येणाऱ्या प्रत्येक नर्सच्या चपला बघितल्या. खुशीत होते. मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात मॅडमचा फोन. एक जूनच्या ऑर्डरसाठी वरच्या साहेबांबरोबर मीटिंग, आत्ता लगेच, अर्ध्या तासाचं काम. मॅडमचा फोन तर उचलावाच लागतो.
तीनच्या आत कितीतरी वेळ आहे. आलो की पहिलं काम तेच. हे मीटिंगच्या बाहेर बसून लिहितोय. आत बोलावलं.

२७ मे
मीटिंग लांबली, आणि इकडे ऑपरेशन ठरल्या वेळेआधीच घेतलं. आधीच्या पेशंटला ताप होता म्हणून.
ऑपरेशनच्या आधी एक इंजेक्शन देतात, जखम चिघळू नये म्हणून. पेनिसिलिनच्याच जातीचं. नर्सने नियमाप्रमाणे बाबांना विचारलं होतं, आजोबा, कुठल्या औषधाची ॲलर्जी? बाबा म्हणाले, कॉम्प्युटरमध्ये बघा ना, माझ्या मुलाने बनवलाय.
तिने बघितलं.
मी धावत वॉर्डात शिरलो. पलंगापलंगावरून बाबांना शोधत गेलो. एका पलंगापाशी गर्दी होती, नळ्या, मास्क, त्यावर कुणीतरी सुजलेल्या तोंडाचा म्हातारा. मी त्याच्या पुढून गेलो. शेवटच्या पलंगापर्यंत गेलो आणि तिथल्या माणसाला विचारलं, इथे माझे वडील होते ते कुठे गेले. मागून बायकोने हाक मारली. ती त्या गर्दीत उभी होती. चादरीतून पाय बाहेर आले होते. ते पाय माझ्या ओळखीचे होते.

२८ मे
आयसीयू. काचेबाहेर. डॉक्टर म्हणतात, आत्ता काही सांगता येत नाही. अवलंबून आहे.
बायको माझ्याशी बोलत नाही. बोर्डासाठी आणलेला लाल मार्कर तिने माझ्या बॅगेतून काढून घेतला.

२९ मे
मला भीती वाटते आहे. दुसरं काही लिहायचं नाही.

३१ मे
श्वासाची नळी काढली. वाचले.
हेड सिस्टर काचेपाशी आल्या होत्या. मला वाटलं बोलतील. नुसतं बघितलं आणि आत गेल्या. आत फळा नाही, म्हणून त्यांनी प्रत्येक पलंगाला ॲलर्जी लिहिलेला एकेक पुठ्ठा बांधलाय.

१ जून
ऑफिसात चौकशी. टेबलावर माझी आकृती पसरलेली. साहेबांनी लाल ठिपक्यांवर पेन ठेवून विचारलं, ह्याचा अर्थ काय? कुलूपवाला म्हणाला, कॉपी होतंय असा. मॅडम म्हणाल्या, जोडलेलं आहे असा. मी म्हटलं, नंतर करू असा. खुणांची चौकट कुठे आहे, असं साहेबांनी विचारलं. तोल जात होता, असं मी सांगितलं.
प्रोग्रॅमरबाईंनी लिहून ठेवलेलंही त्यांच्या समोर होतंच.
आजोबा परत सुरू केले. तळघराच्या जिन्यात आवाज येतो. मॅडमना लांबच्या शाखेत पाठवलं. मी सपोर्टला, जुन्या टेबलावर. पदाचं काय हे मी विचारलं नाही. म्हणजे आज तरी विचारलं नाही. वातावरण निवळलं की बघू, अनुभव तर वाढलाच आहे.

६ जून
बाबा साध्या वॉर्डात. पलंगाच्या उशाला बायकोने पुठ्ठा बांधलाय. माझ्या लाल मार्करने, ठळक: ‘पेनिसिलिन नको’. रेघा सरळ आणि अखंड.
बाबांचे ओठ अजून जाड आहेत, पण गोष्ट परत सुरू झाली. शेजारच्या पलंगाला सांगत होते, मी खुर्चीत बसून ऐकत होतो. खिळा, कंपाउंडर, सूज. मालक म्हणतो, या, साइझ काय? शेजारी हसला. मग बाबा म्हणाले, आता पुढचं ऐका, आणि गोष्टीला दुसरा भाग आला. ह्या वेळी इथे टोचलं. परत तसंच तोंड. आणि पोटचा मुलगा माझ्या समोरून सरळ पुढे गेला हो, ओळखलंच नाही. शेजारी पोट धरून हसला.
त्याने विचारलं, पण टोचलं कसं? बाबा म्हणाले, मशीन चुकलं. मी वाट बघत होतो. एवढंच, मशीन चुकलं. आकृती नाही, आर्किटेक्ट नाही, काही नाही. घरी हॉलमध्ये परत कॅलेंडर लागलंय, ते कुणी लावलं मला माहीत नाही.
शेजाऱ्याने माझ्याकडे बोट करून विचारलं, हे काय करतात? बाबांनी माझ्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाले, इथेच असतो. लोकांचे फोन घेतो.
खिशात फोन वाजत होता. उचलला.